दुपारी दीडचा शॉर्ट

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात ठरलं की आता लेआउट, म्हणजे छोट्या रुळांची सगळी मांडणी, डिजिटल करायचा. क्लब म्हणजे फार मोठं काही समजू नका, सहा-सात माणसं, नाव नाही, रजिस्ट्रेशन नाही, नागपुरात अजनीकडे एका रिटायर्ड लोकोपायलट काकांच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथे दर रविवारी तर्रीपोहे खाऊन आम्ही आगगाडी आगगाडी खेळतो, असं माझी बायको म्हणते आणि ते खरंच आहे. मी अकाउंटंट. विजेतलं माझं ज्ञान म्हणजे घरात फ्यूज उडाला की खालच्या मजल्यावर हाक मारणे. तरी डिजिटलचा सगळ्यात जास्त आग्रह माझाच होता, कारण मी कुठंतरी वाचलं होतं की डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, म्हणे फक्त दोन वायरी लागतात.

त्या दोन वायरींनी सहा महिने माझा जीव खाल्ला.

आधी काय होतं ते सांगतो, नाहीतर कळणार नाही. लेआउट १८ फूट बाय ५ फूट, एचओ स्केल म्हणजे खऱ्याच्या १/८७, डबल लाइन, एका बाजूला पाच लाइनींचं यार्ड. साध्या डीसीत, म्हणजे बॅटरीसारख्या विजेत, रुळाला ० ते १२ व्होल्ट द्यायचे, जास्त दिले की गाडी जोरात, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी मागे. म्हणजे तुम्ही इंजिन चालवत नसता, रूळ चालवत असता. त्या रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही पळणार. म्हणून मग रुळाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला टॉगल स्विच लावायचा, या तुकड्याला कंट्रोलर एक, त्या तुकड्याला कंट्रोलर दोन. आमच्याकडे असे १४ टॉगल होते आणि गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये शिरायच्या आत टॉगल फिरवला नाही की गाडी एकदम उभी, किंवा दुसऱ्याच्या ताब्यात. लोकोपायलट काका म्हणायचे, "अबे मी ३६ वर्षं गाडी चालवली, एकदाही टॉगल शोधत बसलो नाही."

डीसीसीत रुळात कायम साधारण १५ व्होल्ट असतात, गाडी उभी असली तरी. फक्त त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते आणि त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप दडलेला असतो. एका बाजूला ५८ मायक्रोसेकंद राहिला तर तो १, १०० किंवा जास्त राहिला तर तो ०. असे एक-शून्य जोडून निरोप तयार होतो की पत्ता अमुक, स्पीड अमुक, दिवा चालू. प्रत्येक इंजिनात एक छोटा डिकोडर बसवलेला असतो, तो रुळावरचा प्रत्येक निरोप ऐकतो आणि आपला पत्ता नसेल तर सोडून देतो. मूळ पद्धत जर्मनीच्या लेन्झ कंपनीची, अमेरिकेच्या एनएमआरएने, म्हणजे मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने, १९९० च्या दशकात ती स्टँडर्ड करून टाकली, म्हणून एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या कमांड स्टेशनवर, म्हणजे रुळात निरोप सोडणाऱ्या यंत्रावर, चालतो. हे मला फार आवडलं होतं. एवढं शहाणपणाचं काम आपल्याकडे चार्जरच्या पिनांत व्हायला किती वर्षं गेली.

बाहेरून तयार सेट मागवायचा विचार आम्ही अर्ध्या तासात सोडला. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०, आणि कस्टमवाल्याला "साहेब हे खेळणं नाही, स्केल मॉडेल आहे" हे समजावून सांगायची ताकद आमच्यापैकी कोणातच नाही. क्लबात एक पोट्टा आहे, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तो म्हणाला दादा डीसीसी-ईएक्स करू न, फुकटचं सॉफ्टवेअर आहे, आर्डुइनो मेगा नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि वर रुळाला वीज देणारी मोटर शील्ड, झालं कमांड स्टेशन. सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत अर्धा दिवस फिरून दोन्ही मिळालं. एकच गोष्ट त्यात सांभाळायची असते, शील्डवर व्हीइनची एक बारीक तांब्याची रेघ असते ती ब्लेडने कापावी लागते, नाहीतर रुळासाठी लावलेले १५ व्होल्ट खालच्या आर्डुइनोत शिरतात आणि त्याचा रेग्युलेटर तव्यासारखा तापतो. पोट्ट्याला हे माहीत होतं म्हणून वाचलो. वायफायचा छोटा मॉड्यूल जोडला आणि मोबाइलवर इंजिन ड्रायव्हर नावाचं ॲप टाकलं की मोबाइलच थ्रॉटल, म्हणजे वेगाचा हँडल. टेबलावर तीन फूट रुळावर पहिलं इंजिन हललं तेव्हा आम्ही सगळे अक्षरशः ओरडलो, काकू वर आल्या की कोणाला शॉक बसला का.

ते इंजिन सॉकेटवालं होतं, आठ पिनांचं. मी डिकोडर उलटा खोचला होता, तरी इंजिन चाललं, दिवे मात्र लागले नाहीत. ज्याने कोणी ती पिनांची मांडणी केली त्याला माझा नमस्कार, माझ्यासारखा माणूस डोळ्यांपुढे ठेवूनच केली असणार.

दुसऱ्या इंजिनाला सॉकेट नव्हतं. जुनं, कोणाकडून तरी घेतलेलं, चेसिस सगळी धातूची. डिकोडरच्या वायरींचे रंग ठरलेले असतात, लाल आणि काळी रुळाकडे, नारिंगी आणि राखाडी मोटरकडे, निळी दिव्यांची कॉमन, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा. मी रंग पाठ करून गेलो होतो, परीक्षेला जातात तसा. सगळं बरोबर जोडलं. रुळावर ठेवलं, एक बारीक चट्ट असा आवाज आला, मग जळक्या प्लास्टिकचा वास. साडेतीन हजार रुपये, चार सेकंदांत. झालं असं की जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश सरळ चेसिसला टेकलेला असतो आणि चेसिस एका बाजूच्या चाकांना. डीसीत त्याने काही बिघडत नाही, किंबहुना एक वायर वाचते. डीसीसीत मात्र रुळाचा करंट डिकोडरच्या मोटरच्या पायात मागून शिरतो आणि डिकोडर मेला. मोटर रुळापासून पूर्ण वेगळी पाहिजे. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, एक टोक ब्रशला, एक टोक चाकाला, बीप वाजता कामा नये. दोन मिनिटांचं काम. मी ते नंतर केलं, मेलेल्या डिकोडरसोबत, आणि तो बीप मी अजून विसरलेलो नाही.

पत्ते देण्याचं काम मात्र माझ्याकडे आलं कारण त्यात आकडेमोड आहे. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. १२७ पर्यंतचा पत्ता सीव्ही १ मध्ये मावतो, सीव्ही म्हणजे डिकोडरच्या मेमरीतला एक खाना, आम्हाला इंजिनाचे शेवटचे चार आकडे पत्ता म्हणून हवे होते, मग तो सीव्ही १७ आणि १८ असा दोन खान्यांत टाकावा लागतो. २३४५ घ्या. २५६ ने भागा, भागाकार ९, बाकी ४१. नवात १९२ मिळवा, २०१. म्हणजे सीव्ही १७ मध्ये २०१ आणि १८ मध्ये ४१, आणि सीव्ही २९ मध्ये ३२ मिळवून डिकोडरला सांगायचं की बाबा आता मोठा पत्ता वाच. हे सगळं सॉफ्टवेअर आपोआप करतं हे मला तीन आठवड्यांनी कळलं. पोट्ट्याला आधीपासून माहीत होतं, पण "दादा तुम्ही खुश दिसून राहिले होते म्हणून नाही बोललो."

यार्डातली तीन नंबरची लाइन आम्ही प्रोग्रॅमिंगसाठी वेगळी केली होती. प्रोग्रॅमिंगचा निरोप पत्ता बघत नाही, त्या रुळावर जो डिकोडर असेल तो मुकाट्याने लिहून घेतो. हे माहीत असूनही एका संध्याकाळी मी पुढचं इंजिन बघितलं, त्याला २३४५ दिला, आणि त्याच लाइनीवर मागे पोट्ट्याने आणखी तीन इंजिनं उभी करून ठेवली होती ती मला दिसलीच नाहीत, मालडब्यांच्या आड होती. नंतर सगळी मेन लाइनीवर मांडली आणि लोकोपायलट काकांनी २३४५ ला थ्रॉटल दिला. चार इंजिनं, लेआउटच्या चार कोपऱ्यांत, एकदम निघाली. काका शांतपणे म्हणाले, "मल्टिपल युनिट केलं का बे?" म्हणजे एका ड्रायव्हरने अनेक इंजिनं एकदम हाकायची ती पद्धत. मग एकेकाला सीव्ही ८ मध्ये ८ लिहून रिसेट केलं, बऱ्याच डिकोडरांना ते चालतं, परत सगळे ३ नंबरवर, परत पहिल्यापासून.

इथपर्यंत सगळी गंमत होती. खरा त्रास वायरींचा.

मोटर शील्ड दीड-दोन अँपिअरच्या वर झेपत नाही, त्यात चार इंजिनं आणि त्यातल्या दोघांना आवाजाचे डिकोडर, म्हणून पूर्ण लेआउटसाठी आम्ही रोबोटवाले वापरतात तसला मोठा मोटर ड्रायव्हर घातला आणि ट्रिप ४ अँपिअरवर ठेवली. म्हणजे कुठंही शॉर्ट झाला, डबा रुळावरून घसरून चाक आडवं पडलं, तर करंट ४ च्या वर जाईल आणि स्टेशन लगेच वीज तोडेल. तोडेल का, हे तपासायची पद्धत सोपी आहे. एक रुपयाचं नाणं घ्यायचं आणि दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. स्टेशनजवळ ठेवलं, ट्रिप. यार्डात ठेवलं, ट्रिप. १८ फूट लांबच्या टोकाला ठेवलं, काहीच नाही. नाणं तसंच पडून, स्क्रीनवर आकडा ३.१ अँपिअर, आणि स्टेशन निवांत, त्याला वाटलं गाड्या चालून राहिल्या.

आता हा हिशोब मी करू शकतो. १५ व्होल्ट गुणिले ३.१ म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस वॅट. आमचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे. म्हणजे जवळजवळ दोन सोल्डरिंग आयर्नांएवढी उष्णता त्या लाइनीत कुठंतरी तयार होत होती आणि आम्हाला माहीत नव्हतं कुठं. बोटाने चाचपत गेलो तर दोन जॉइनर सापडले, रुळाचे तुकडे जोडायच्या त्या बारीक पत्र्याच्या चिपट्या, एवढे गरम की बोट झटकन काढलं. तिथं डबा उभा असता तर त्याची प्लास्टिकची बोगी, म्हणजे खालची चाकांची चौकट, वितळली असती. नंतर ऐकलं की काही लोकांच्या तशा वितळल्याही आहेत.

१५ भागिले ३.१ म्हणजे वाटेत पावणेपाच ओहम रेझिस्टन्स. आला कुठून? थोडा जुन्या घंटीच्या वायरीतून, अर्धा स्क्वेअर एमएमची वायर आहे ती, मीटरला ०.०३५ ओहम, जाऊन-येऊन १६ मीटरचे अर्धा ओहम. उरलेला सगळा जॉइनरमधला. दहा वर्षांत ढिले झालेले, काळे पडलेले, त्यात उन्हाळ्यात डेझर्ट कूलरची दमट हवा. डीसीत हे खपून जायचं, गाडी लांबच्या टोकाला जरा हळू जायची आणि आम्ही म्हणायचो चढ आहे.

मग काय, सगळं उघडलं. इतवारीतून अडीच स्क्वेअर एमएमची लाल आणि काळी घरगुती वायर आणली, ती लेआउटच्या खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत बस, म्हणजे मुख्य वायर, म्हणून टाकली, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे खरंच प्रत्येक, मग तो चार इंचांचा का असेना, स्वतःची बारीक वायर सोल्डर करून खाली त्या मुख्य वायरीला जोडली. जॉइनरवर विश्वास शून्य. ४४ जागा, दोन-दोन वायरी, ८८ सोल्डर. अडीचची वायर मीटरला फक्त ०.००७ ओहम, त्यामुळे ४ अँपिअरलासुद्धा टोकापर्यंत व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आतच पडतं. डिसेंबर-जानेवारीचे सगळे रविवार मी पाठीवर झोपून, छातीवर टॉर्च, तोंडात सोल्डरची तार, अशा अवस्थेत काढले. एकदा सोल्डरचा थेंब कानाच्या पाळीवर पडला. दोन वायरी म्हणे.

पण नाणं ठेवल्यावर जिथं ठेवू तिथं खटकन ट्रिप. अठरा जागी ठेवून पाहिलं. त्या दिवशी काकूंनी संत्रा बर्फी दिली.

लूपचं काम जानेवारीतच केलं आणि पुढची सगळी भानगड तिथं आहे म्हणून जरा नीट सांगतो. एका टोकाला आम्हाला रिव्हर्स लूप हवा होता, गाडी गोल फिरून त्याच लाइनीवर परत येणार. कागदावर रेघ ओढून बघा, गोल फिरून आल्यावर डावा रूळ उजव्याला भेटतो. म्हणजे सरळ शॉर्ट. त्यासाठी लूपचा तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ कापून, बाकी लेआउटपासून तोडायचा आणि त्याला ऑटो रिव्हर्सर नावाच्या छोट्या मॉड्यूलमधून वीज द्यायची. गाडीचं चाक कापलेल्या फटीवरून गेलं आणि दोन बाजू जुळत नसतील तर क्षणभर शॉर्ट होतो, रिव्हर्सर स्टेशन ट्रिप व्हायच्या आत लूपच्या दोन वायरी अदलाबदल करतो, गाडीला पत्ताही लागत नाही. डीसीसीत इंजिनाला दिशा निरोपातून कळते, रुळाच्या प्लस-मायनसवरून नाही, म्हणून हे चालतं. आम्ही हॅक्सॉ ब्लेडने चार फटी कापल्या, मिलिमीटरभराच्या. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, गाडी शेकडो वेळा फिरली असेल. कॉलनीतल्या पोरांना बोलावून दाखवली. एका पोराच्या हातात मोबाइल दिला तर त्याच्या आईचा फोन आला, पोरगं फोन घेऊन "हो आई, येतो आई" करत जिना उतरून गेलं आणि गाडी चालूच, कारण स्टेशन शेवटचा हुकूम पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. स्टेशनचं बटण दाबून थांबवली.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी दीडच्या सुमाराला, गाडी लूपमधून बाहेर पडताना सगळं बंद. ट्रिप. परत चालू केलं, परत ट्रिप. गाडी हाताने उचलून मेन लाइनीवर ठेवली तर मस्त चालते. लूपमध्ये जाते पण मस्त. बाहेर पडताना ट्रिप. संध्याकाळी सात वाजता, काहीही न करता, सगळं ठीक.

पुढच्या रविवारी तेच. सकाळी दहाला ठीक, दुपारी दीडला शॉर्ट, साडेपाचला ठीक. पोट्टा म्हणाला रिव्हर्सर गरम होऊन राहिला, त्याला पंखा लावला, फरक नाही. मी म्हटलं दुपारी लाइन वर-खाली होते, इन्व्हर्टरवर लावून पाहिलं, फरक नाही. मल्टीमीटर लावून बसलो, पण साधा मल्टीमीटर ५० हर्ट्झच्या एसीसाठी असतो, डीसीसीचा आकडा तो मनाला येईल तसा दाखवतो, त्याचा उपयोग नाही. रिव्हर्सर बदलला. नवीन रिव्हर्सर, तोच शॉर्ट. मग पोट्ट्याने शोध लावला की कूलर चालू असला की शॉर्ट होत नाही, बंद असला की होतो. आता सांगा. आम्ही सगळे उलट म्हणत होतो की कूलरच्या मोटरमुळे सिग्नल बिघडत असेल, आणि इथं कूलरने फॉल्ट जातो! पोट्टा वहीत काहीतरी कपॅसिटर-फिल्टर काढत बसला. मी एका कोपऱ्यात बसून मनातल्या मनात १४ टॉगल परत बसवायला किती दिवस लागतील हे मोजत होतो.

क्लबात एक पीडब्ल्यूआय काका आहेत. रेल्वेच्या रुळाच्या खात्यातून रिटायर, आयुष्य सगळं लाइनीवर चालण्यात गेलं, वर्ध्यापासून आमल्यापर्यंत. त्यांना डिजिटलमध्ये काडीचा रस नाही. ते येतात, पोहे खातात, पेपर वाचतात आणि दर वेळी एकच टोमणा मारतात, की तुमचं गेज चुकलं आहे. तसं ते बरोबर आहे, आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ८७ ने भागलं तर १९.३ यायला पाहिजे आणि आमचे रूळ १६.५ चे, ते १४३५ वाल्या परदेशी गेजचे. "डब्ल्यूएपी-७ ले लहान भावाचे जोडे घातले," असं त्या विजेच्या इंजिनाबद्दल म्हणतात. नागपूरचं डायमंड क्रॉसिंग मॉडेलमध्ये करा म्हणून मागे लागले होते, दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई एकमेकांना छेदतात ते, पण त्याच्या वायरिंगचा नुसता विचार करून पोट्टा दोन रविवार आला नाही.

तर तिसऱ्या रविवारी, कूलर मुद्दाम बंद, पत्र्याखाली ४८ डिग्री, आम्ही तिघं घामाने निथळत रिव्हर्सरकडे बघत बसलेलो, आणि पीडब्ल्यूआय काका पेपरची घडी करून उठले. लूपच्या आधीच्या सरळ लाइनीवर त्यांनी तळहात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. मग म्हणाले, "हे कधी कापले होते?"

"जानेवारीत, काका."

"किती वाजता?"

हा काय प्रश्न झाला. दुपारी, म्हटलं, पंचवीस-सव्वीस डिग्री असेल.

त्यांनी पेपरचा कोपरा फाडला. लूपच्या बाहेर पडायच्या टोकाला, फटीत घातला, गेला. शिरायच्या टोकाला डाव्या रुळाच्या फटीत घातला, गेला पण अडकत. उजव्या रुळाच्या फटीत घातला, कागद वाकला. परत घातला, परत वाकला. फट नव्हतीच. मी गालफड लेआउटला टेकवून डोळा रुळाच्या पातळीला आणून पाहिलं, दोन्ही टोकं एकमेकांना चिकटलेली, वरून जुन्या कापलेल्या जागेची फक्त एक काळी रेघ.

"अबे, उन्हाळ्यात रूळ वाढते हे तुमच्या मोबाइलमध्ये नाही लिहिलं का? आम्ही काऊन हॉट वेदर पेट्रोलिंग करत होतो मग, हवा खायले?"

त्या सरळ लाइनीची लांबी ३.६ मीटर, मीच अखंड सोल्डर केलेली, जॉइंट ढिले राहू नयेत म्हणून. मॉडेलचे रूळ निकेल सिल्व्हरचे, ते स्टीलच्या साधारण दीडपट पसरतात, मीटरला डिग्रीमागे ०.०१७ मिलिमीटर. २५ वरून ४८, म्हणजे २३ डिग्री. गुणाकार केला तर १.४ मिलिमीटर. आमची फट एकची. कूलर लावला की खोली ३४ वर येते, रूळ ०.६ च वाढतो, फट उघडी. आणि बाहेर पडतानाच का, तर शिरताना दोन्ही बाजू जुळलेल्याच असतात, चिकटलेल्या फटीने काही होत नाही. गाडी दुसऱ्या टोकाला पोचली की रिव्हर्सर वायरी फिरवतो, त्या क्षणी हे चिकटलेलं टोक शॉर्ट. तो घाबरून परत फिरवतो, तर गाडीखालची फट शॉर्ट. इकडे आड तिकडे विहीर. तेवढ्यात स्टेशन ट्रिप. रिव्हर्सर बिचारा पहिल्या दिवसापासून बरोबर वागत होता, आणि मी त्याला बदलून दुसरा आणला.

काकांनी विचारलं, "तुमचा ग्लूड जॉइंट कुठी आहे?" खऱ्या रेल्वेत सिग्नलसाठी रूळ असाच तोडावा लागतो, पण तिथं नुसती मोकळी फट ठेवत नाहीत, मध्ये इन्सुलेशनचा तुकडा घालून सगळं चिकटवून घट्ट करतात. आम्हीही तेच केलं. माझं मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापलं, ते ०.७६ मिलिमीटर जाड असतं, फटी कानशीने मोकळ्या करून त्यात अराल्डाइट लावून तुकडे उभे खोचले, वाळल्यावर रुळाच्या आकारात घासले. मी खुश, काका नाही. "फट बंद केली, मग वाढलेला रूळ जाईन कुठी? वाकीन न." म्हणून सरळ लाइनीतले मी एवढ्या प्रेमाने सोल्डर केलेले दोन जॉइंट तोडले, तिथं जॉइनर नुसता सरकता ठेवला. वीज जात नाही असं होणार नाही कारण प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची वायर आहेच, त्या कानाच्या पाळीवरच्या थेंबाचं तेवढं सार्थक झालं. आणि हे सगळं भर दुपारी करायला लावलं, तापल्या रुळावर, सरकत्या जॉइंटला तेव्हा जेमतेम कागद जाईल एवढी फट ठेवून, म्हणजे पुढे थंडीत त्या फक्त उघडतील, आवळणार नाहीत.

पेपरच्या कोपऱ्याने जो फॉल्ट सापडला त्यासाठी पोट्टा ऑसिलोस्कोप मागवायला निघाला होता, कार्टमध्ये टाकलेला मी पाहिला आहे.

जूनपासून पाऊस. आता प्लायवूड फुगेल तेव्हा रूळ काय करतात ते बघायचं आहे. पीडब्ल्यूआय काकांनी स्वतःहून एक दोनशे पानी वही आणली, वर ठळक अक्षरात गॅप रजिस्टर लिहिलं, आत पट्टीने रकाने आखले, तारीख, जागा, रुळाचं तापमान, फट मिलिमीटरमध्ये, शेरा. दर रविवारी पोह्यांच्या आधी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्या, घेऊन मी चारही ग्लूड जॉइंट आणि दोन्ही सरकते जॉइंट मोजायचे आणि लिहायचे. पहिल्या नोंदीखाली त्यांनी माझी सही घेतली आणि सहीखाली स्वतःच्या हाताने हुद्दा टाकला, लाइनीवर चालत रूळ तपासणाऱ्या रेल्वे कामगाराचा, कीमन.